मापुतोच्या धक्क्यावरच्या बोटी

[दृश्य : मापुतो बंदर, धक्क्यालगतच्या मासेमारी बोटी]

मोझांबिकची राजधानी मापुतो. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या या बोटी ‘एमाटुम’ या सरकारी ट्यूना कंपनीच्या. फ्रान्समधील शेरबूर येथे बांधून आणलेल्या या बोटी खोल समुद्रातून ट्यूना आणतील आणि त्या मासळीवर कर्ज फिटेल, असे सांगितले गेले होते. कठड्यांवर चढलेला हा गंज पाहिला, की त्या समुद्रावर किती कमी गेल्या असतील ते कळते.

[दृश्य : करारांची कागदपत्रे, सह्या आणि शिक्के]

२०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत एमाटुम, प्रोइंडिकुस आणि माम या तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर सुमारे २०० कोटी डॉलरचे कर्ज उचलले गेले. पैसे उभे करून देणाऱ्या बँका होत्या क्रेडिट स्विस आणि रशियाची व्हीटीबी. अर्थमंत्री मानुएल चांग यांनी सरकारी हमीपत्रांवर सह्या केल्या, पण त्यासाठी लागणारी संसदेची संमती घेतलीच गेली नाही. यांपैकी दोन कर्जांचा तर जनतेला २०१६ पर्यंत पत्ताही नव्हता.

हा पैसा फिरला कसा, ते नीट पाहायला हवे. कर्जाची रक्कम मापुतोत आलीच नाही. बँकांकडून ती थेट प्रिव्हइन्व्हेस्ट या जहाजबांधणी समूहाच्या अबुधाबीतील कंपन्यांकडे गेली. बोटी आणि किनारी टेहळणीची सामग्री यांच्या किमती अवाच्या सवा लावलेल्या होत्या. क्रोल या संस्थेच्या २०१७ च्या लेखापरीक्षणाने हा फुगवटा सुमारे ७१ कोटी डॉलरचा असल्याचे दाखवले. पुरवठादाराच्या हाती पडलेल्या याच पैशातून लाच वाटली गेली. कर्जे मिळण्यापूर्वीच्या ई-मेलमध्ये तिची रक्कम ‘पाच कोटी कोंबड्या’ अशी लिहिलेली आहे! पुढे हा पैसा सल्ल्याची बिले, नावापुरत्या कंपन्या आणि परदेशी खाती यांतून फिरवला गेला, न्यूयॉर्कच्या बँकांमधूनही गेला, आणि घरे, जमिनी, महागड्या गाड्या यांत मुरून उजळ माथ्याने वावरू लागला. खरी मेख इथेच आहे : वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर दाखवायला कागद होता.

[दृश्य : तुरुंगाच्या आवारातील तंबू, आरोपींची रांग]

ऑगस्ट २०२१ मध्ये मापुतोच्या कडेकोट तुरुंगाच्या आवारात तंबू उभारून १९ आरोपींवर खटला सुरू झाला आणि सारा देश तो टीव्हीवर पाहत होता. ११ जण दोषी ठरले. त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष आर्मांडो गेबुझा यांचे पुत्रही होते. २०१८ च्या अखेरीस जोहान्सबर्गच्या विमानतळावर पकडले गेलेले चांग ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणूक आणि मनी लाँडरिंगच्या कटात दोषी ठरले.

[दृश्य : मापुतोचा बाजार, मासळी विकणाऱ्या बायका]

एप्रिल २०१६ मध्ये लपवलेली कर्जे उघड होताच नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी मदत रोखली, मेटिकाल हे चलन कोसळले, महागाई २० टक्क्यांच्या वर गेली आणि २०१४ मध्ये ७ टक्क्यांहून अधिक असलेला विकासदर दोन वर्षांत ४ टक्क्यांखाली आला.

[दृश्य : पुन्हा बंदर, बोटींवरून फिरणारा कॅमेरा]

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने प्रिव्हइन्व्हेस्टने मोझांबिकला भरपाई द्यावी, असा निकाल दिला. बोटींसाठी काढलेल्या रोख्यांची मात्र २०१९ मध्ये फेररचना झाली असून, ज्या कर्जाबद्दल नागरिकांना कुणी विचारलेही नाही, त्याची मुदत २०३१ मध्ये संपते.