चरबी मेंदूला निरोप पाठवते

नमस्कार श्रोतेहो, आज बोलूया चरबीबद्दल, आपल्या अंगावरच्या. जास्तीचं खाणं साठवायचा डबा, एवढीच तिची ओळख आपल्याला असते, पण ही चरबी दिवसरात्र मेंदूला निरोप पाठवत असते. हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून तीच आधी सांगते.

अमेरिकेत मेन राज्यात समुद्राकाठी बार हार्बर नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत संशोधनासाठी उंदीर वाढवतात. 1949 मध्ये तिथे असे उंदीर सापडले की जे खातच राहायचे आणि नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाचे व्हायचे, त्यांना नाव पडलं ओबी. मग 1966 मध्ये अजून एक लठ्ठ जात सापडली, तिला डायबिटीसपण जोरात व्हायचा, ती डीबी. आता तिथेच काम करणारे डग्लस कोलमन, त्यांनी काय केलं, एक डीबी आणि एक साधा उंदीर घेतला आणि दोघांची कातडी कुशीला एकमेकांना शिवून टाकली, म्हणजे थोडं थोडं रक्त ह्याचं त्याच्यात जायला लागलं. आणि झालं काय, तर साध्या उंदराने खाणंच सोडलं! समोर खाणं असून उपाशी मेला, आणि डीबी मात्र मजेत खात राहिला. मग त्यांनी ओबीला डीबीशी जोडलं, तर तो इतका खादाड ओबी, तोही खायचा थांबला आणि उपासाने गेला. आणि ओबीला साध्या उंदराशी जोडलं तेव्हा ओबी कमी खायला लागला, वजन कमी वाढलं, आणि दोघंही जगले.

यावरून कोलमन यांनी काय ताडलं, नीट ऐका. डीबीच्या रक्तात 'पोट भरलं' असं सांगणारं काहीतरी भरपूर होतं पण त्याला स्वतःला ते ऐकूच येत नव्हतं, आणि ओबीला ऐकू येत होतं पण त्याच्याकडे ते बनतच नव्हतं.

कोलमन यांचं हे म्हणणं बऱ्याच जणांना पटलं नाही, कारण लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नाही, असंच तेव्हा धरून चालायचे. आपल्याकडे अजून तेच, लग्नात भेटलं की पहिलं वाक्य 'किती सुटलीयेस गं', पोरांना तर घरातलेच जाड्या म्हणून हाक मारतात, हे बंद व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि उंदरांवर कशाला एवढा पैसा घालवायचा असं विचारणाऱ्यांनीपण ही गोष्ट ऐकावी.

तर ते 'काहीतरी' हाती लागायला 1994 उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ओबीचा बिघडलेला जीन शोधला, त्यातून बनणाऱ्या हार्मोनला नाव दिलं लेप्टिन, आणि ते बनतं कुठे, तर चरबीच्या पेशीत!

लक्षात काय ठेवायचं, चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू त्यावरून भूक ठरवतो. काही मोजक्या मुलांमध्ये जन्मापासूनच लेप्टिन बनत नाही. केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तिचं वजन होतं 94 किलोच्या वर, वर्षभरात 16 किलो उतरलं, हे 1999 मध्ये छापून आलं. मग सगळ्यांनाच का देत नाहीत? कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे वरून दिलेल्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि एकदम जेवण तोडलं तर चरबी उतरायच्या आधीच लेप्टिन झपकन पडतं, मेंदूला वाटतं दुष्काळ आलाय, आणि भूक खवळते ती त्यामुळे.