बर्फातल्या शेवया

(टेबलावर स्टीलचा मोठा वाडगा. बाहेरून दहिवरलेला.)

कोरियन जेवण म्हणजे लालभडक, नाकातोंडातून पाणी काढणारं. मीही त्याच तयारीनं आलो होतो. आणि समोर आलं ते हे. जवळजवळ पाण्यासारखा रस्सा, त्यात बर्फाचा चुरा. मधोमध राखाडी शेवयांची गुंडाळी. वर काकडी, मुळ्याच्या चकत्या, नाशपतीचा काप आणि अर्धं उकडलेलं अंडं. नाव नेंगम्योन, म्हणजे सरळ थंड शेवया.

"दादा, हे थंडच असतं बरं का," वाढणारा पोरगा आधीच सांगून ठेवतो. "परवा एका काकांनी गरम करून आणायला सांगितलं."

रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई. अशा कंपन्यांमागोमाग कोरियन माणसं पुण्यात आली, आणि त्यांच्यामागोमाग ही हॉटेलं. मूळ रस्सा बहुधा गोमांसाचा; महाराष्ट्रात ते शक्य नाही. इथे कोंबडीचा आहे, आणि त्यात मुरवलेल्या मुळ्याचं आंबूस पाणी.

(कात्री. शेवया कापल्या जातात.)

हो, कात्रीच. शेवया इतक्या लांब की घास तुटत नाही. पण काही जुनी माणसं कापू देत नाहीत. लांब शेवया, लांब आयुष्य.

पहिला घास. दात शिवशिवतात, आणि चव? आळणी. चक्क आळणी. मीठ विसरले की काय, म्हणून मी शेजारच्या टेबलाकडे बघतो. तिथला कोरियन गृहस्थ मान खाली घालून मन लावून भुरकतोय. टेबलावर व्हिनेगर आणि मोहरीची पेस्ट आहे. पण ती घालावी की नाही, यावर खुद्द कोरियन खवय्यांतच वाद आहेत. मी थांबतो.

(जुन्या पद्धतीचा लाकडी दाबयंत्राचा साचा.)

या शेवया बकव्हीटच्या. उत्तर भारतात उपासाला खातात तो कुट्टू. त्याचं गव्हाशी नातं नाही, तो आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. पिठाला चिकटपणा नाही, त्यामुळे ओढून शेवया होत नाहीत, दाबूनच काढाव्या लागतात. आपला कुरडईचा सोऱ्या आठवा आणि तो माणसाएवढा करा. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, वर साचा, आणि दांडीवर एकजण अंगाचा सगळा भार टाकून रेटतोय. शेवया पडतात त्या थेट पाण्यात.

आणि हे खाणं मुळात उन्हाळ्याचं नव्हे. 1849 सालच्या एका कोरियन ग्रंथात ते अकराव्या चांद्रमासातलं, म्हणजे ऐन थंडीतलं म्हणून नोंदलंय. कुट्टूचं पीक तेव्हाच हाती आलेलं, मुळा मुरलेला, आणि बर्फ काय, दाराबाहेर. खालून तापवलेल्या जमिनीवर बसून लोक हे गारेगार खात. फ्रीज आले आणि पदार्थाचा ऋतूच उलटला.

प्योंगयांग, आजची उत्तर कोरियाची राजधानी, हे त्याचं माहेर. 1950 ते 53 च्या युद्धात उत्तरेकडून पळालेल्या माणसांनी तो दक्षिणेत रुजवला. 27 एप्रिल 2018 ला दोन्ही कोरियांचे नेते सीमेवरच्या पानमुनजोमला भेटले, तेव्हा उत्तरेच्या किम जोंग उन यांनी मेजवानीसाठी प्योंगयांगच्या शेवया आणवल्या. यंत्रासकट! त्या दिवशी सोलमधल्या नेंगम्योनच्या हॉटेलांबाहेर रांगा लागल्या.

(पुन्हा वाडगा. रस्सा निम्म्यावर.)

चौथ्या-पाचव्या घासाला काहीतरी होतं. शेवयांचा किंचित भाजका वास येतो. मुळ्याचं पाणी जिभेच्या कडेला लागतं. या चवीला कोरियनमध्ये खास शब्द आहे, सुमसुमहादा. आपण त्याला सपक म्हणू, पण आपल्या 'सपक'मध्ये तक्रार आहे. त्यांच्या शब्दात ती नाही.

मालकीणबाई गल्ल्यावरून माझ्या वाडग्यात डोकावतात. दोन्ही हात तोंडाशी नेऊन खूण करतात: उचला, प्या. मी उचलतो. ओठ बधिर.

"मीठ जरा कमी होतं का रे?" मी त्या पोराला विचारतो.

तो रिकामा वाडगा उचलतो. तळाशी बर्फाचे दोन खडे.

"नाही दादा. तेवढंच असतं."