खीळ काढण्याआधी

(दृश्य: कौलांवरून गळणारं पाणी. आत, खोलीभर पसरलेला लाकडी माग.)

डिचोलीच्या बाजूला आषाढात मीठ पाझरतं, कपडे वाळत नाहीत आणि मागाचं लाकूड फुगतं. नेमका याच दिवसांत इथल्या विणकर ताईंनी नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवलाय.

गोव्याचं आपलं विणकाम म्हटलं की कुणबी कापड आठवतं, लाल चौकटींची सुती साडी. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० साली ती फॅशनच्या मंचावर नेली. पण ती साधी वीण. दोन वह्यांच्या, म्हणजे ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोन चौकटींच्या, मागावर खुशाल होते, त्यासाठी एवढा पसारा मांडायची गरज नाही. ताईंना विणायचं आहे तिरप्या रेघांचं जाड कापड, चार वह्यांवर. कधी एकच वही वर आणि तीन खाली, कधी तीन वर आणि एक खाली. एक वर गेली की दुसरी खाली, अशा जोडीने बांधलेल्या वह्यांच्या मागाला हे धड जमत नाही. काउंटरमार्च मागाला जमतं.

स्कँडिनेव्हियात घरोघरी रुळलेला हा माग. यात प्रत्येक वहीला दोन आडव्या पट्ट्या असतात. वरची पट्टी वहीला खाली ओढते. खालची पट्टी माथ्यावरच्या झुलत्या दांड्यांना ओढते आणि त्या दांड्या वही वर उचलतात. म्हणून एक पावडी, म्हणजे पायाने दाबायची पट्टी, दाबली की प्रत्येक वही वर तरी जाते, नाहीतर खाली. मधे लोंबकळत कुणी राहत नाही. किंमत एवढीच, की प्रत्येक पावडीला प्रत्येक वहीसाठी एक दोरी बांधावी लागते. चार वह्या, सहा पावड्या: २४ दोऱ्या. आठ वह्या, दहा पावड्या: ८०. त्याही मागाखाली आडवं पडून!

(दृश्य: माथ्यावरच्या दांड्यांतून आरपार गेलेली खीळ.)

ही खीळ आत आहे तोवर वह्या जागच्या हलत नाहीत. त्या अवस्थेतच ताणा विणताना ठेवायचा तेवढाच ताणून घ्यायचा. पुढच्या तुळईपासून मागच्या तुळईपर्यंत धागे सरळ रेषेत हवेत आणि वह्यांचे डोळे, ज्यांतून हे धागे ओवलेले असतात, त्याच रेषेवर. इथे घाई केली तर पुढचं सगळं दुरुस्तीतच जातं.

वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत अंतरही भरपूर लागतं. वही खाली जाते तेव्हा तिची वरची पट्टी उतरते आणि खालची वर येते. अंतर कमी पडलं की दोघी एकमेकींवर आपटतात.

दोरी सुताची नको. सुती दोरी दमट हवेत आखडते, कोरड्या हवेत सैलावते. ताई वापरतात टेक्सॉल्व्ह, पॉलिएस्टरची, ओळीने भोकं असलेली. खुंटी एक भोक इकडे की तिकडे, एवढाच सगळा खेळ.

बांधणी झाली. आता खीळ. सहज सरकली तर ठीक. अडली तर कुठेतरी दोरी फार ताठ आहे. मात्र पावसाळ्यात लाकूडच फुगून धरून बसलेलं असू शकतं, तेही पाहायचं.

(दृश्य: ताण्याच्या कडेला धरलेला छोटा आरसा.)

ताई पहिली पावडी दाबतात. धागे दुभंगतात, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला वाट होते. भाचीने कडेला आरसा धरलाय.

“खालची ओळ सपाट आहे का गो?”

“तिसऱ्या वहीचे धागे वर राहतात, मावशी.”

“मग वरच्या पट्टीची दोरी एक भोक आखूड कर. फक्त याच पावडीची.”

खाली न जाणाऱ्या वहीला वरच्या पट्टीची दोरी आखूड करायची, पुरेशी न उचलणाऱ्या वहीला खालच्या पट्टीची. मागच्या वह्या कापडापासून लांब, म्हणून त्यांना थोडी जास्त हालचाल द्यावी लागते, तेव्हाच आडवा धागा ठोकणाऱ्या फणीपाशी सगळे धागे एका पातळीत येतात. वाट वरून थोडी वाकडीतिकडी असली तरी चालते. खालून नाही, कारण धोटा खालच्या धाग्यांवरूनच घसरत जातो आणि वर राहिलेल्या धाग्याखाली सरळ घुसतो.

एक पावडी पूर्ण झाल्याशिवाय ताई दुसरीला हात लावत नाहीत. सहाही झाल्या की चार बोटं विणून पाहायचं. पुढच्या ताण्याला वीण तीच असेल तर गाठी बहुतेक तशाच चालतात, पण ताण बदलला की आरसा पुन्हा काढावा लागतो.