एक लाइन, अख्खं कॉलेज

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: तालुक्याचं बसस्थानक, सकाळ. लाल एसटीतून उतरणारी मुलंमुली. रस्त्याच्या कडेला वेचणीला आलेली पऱ्हाटी.]

यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. सकाळच्या गाडीने आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं कॉलेजात येतात. फोन जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे. कॉम्प्युटर मात्र अनेकांसाठी इथेच, कॉलेजच्या लॅबमध्ये. प्रोजेक्ट टाइप करायचा, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरायचा, शिष्यवृत्तीचं काय झालं ते बघायचं, की पावलं याच खोलीकडे वळतात.

[दृश्य: लॅबच्या दारावरचा नियमांचा बोर्ड. अक्षरं अर्धी पुसलेली.]

दारावर बोर्ड आहे. पेन ड्राइव्ह लावू नये, गेम खेळू नये, दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नये, रजिस्टरवर सही केल्याशिवाय बसू नये. असा बोर्ड बहुतेक कॉलेजांत सापडेल, आणि तो कुणी वाचत नाही. पोरांचीच चूक आहे असंही म्हणवत नाही. आठ-दहा वेळा "नये" लिहिलंय, पण "का" एकदाही लिहिलेलं नाही.

[दृश्य: खांबावरून इमारतीत शिरणारी काळी वायर. ऑफिसच्या कोपऱ्यातलं रॅक, लुकलुकणारे हिरवे दिवे.]

हे "का" समजायचं तर या वायरपासून सुरुवात करावी लागते. खांबावरून आलेली फायबरची वायर खिडकीच्या फटीतून आत येते, राउटरला लागते, तिथून स्विचला, आणि स्विचमधून लॅब, लायब्ररी, ऑफिस, स्टाफरूम असे फाटे फुटतात. एका बोअरवर चाळीस नळ जोडावेत, तसा हा प्रकार. समजा लाइन 100 एमबीपीएसची आहे, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट माहिती वाहून नेणारी, आणि एका वेळी 40 मशिनं चालू आहेत. वाट्याला आले अडीच. एचडी व्हिडिओला साधारण पाच लागतात. म्हणजे वीस जणांनी मॅच लावली की लाइन संपली. एकविसावी मुलगी परीक्षा फॉर्मचं पान उघडून बसली असेल, तर तिच्यासमोर नुसतं चक्र फिरत राहतं.

आता खरं सांगायचं तर दरवेळी मॅचवालेच दोषी नसतात. वायफायला जोडलेला फोन खिशात पडल्या पडल्या फोटोंचा बॅकअप घेत असतो, ॲप अपडेट करत असतो. असे फोन विद्यार्थ्यांइतकेच स्टाफरूममध्येही असतात. बोर्डावर तेवढं कुणी लिहीत नाही.

[दृश्य: लॅब सांभाळणारे काका, रजिस्टर उघडताना.]

लाइन वाटून घ्यावी लागते, हे पोरांना लवकर पटतं. पत्त्याचं मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतं.

लॅबमधल्या प्रत्येक मशिनला आतल्या आत एक पत्ता असतो. अनेक ठिकाणी तो 192.168 ने सुरू होतो. पण हा पत्ता भिंतीच्या आतच चालतो. बाहेरच्या इंटरनेटवर गेल्यावर राउटर हे सगळे पत्ते काढून घेतो आणि त्या जागी एकच बाहेरचा पत्ता लावतो. तिसऱ्या रांगेतल्या मुलाने काही पाठवलं, ऑफिसातल्या क्लार्कने काही पाठवलं, प्राचार्यांनी काही पाठवलं, तरी बाहेरच्याला दिसतं ते एकच: या कॉलेजकडून आलंय.

एखाद्या पोराने गंमत म्हणून बनावट खातं उघडलं, त्यावरून कुणा मुलीला नको ते लिहिलं, आणि तिने तक्रार केली, तर ते खातं ज्या कंपनीच्या साइटवर आहे, तिच्याकडून पोलीस पत्ता मागवतात. पत्ता निघतो कॉलेजचा. मग विचारणा येते प्राचार्यांकडे: अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी ही जोडणी कोण वापरत होतं?

(काकांचा आवाज) "रजिस्टरवर सही करा म्हटलं का पोट्ट्यायले राग येते. म्हन्तेत, काका, पाच मिन्टाचं तं काम हाये. पाच मिन्टाचं असो का पाच घंट्याचं, उद्या कागद आला तं मी कोनाचं नाव सांगू? सही केली नसन तं साऱ्यायवरच शंका येते ना बावा!"

काका मुद्द्याचं बोलतात. रजिस्टर म्हणजे पाळत, असं वाटतं खरं. पण ज्याने काही केलेलंच नाही, त्या पोरासाठी तीच सही कामाची ठरते. त्या वेळी तो मशिन नंबर सातवर होता आणि भानगड बारावरून झाली, हे दुसरं कोण सांगणार? म्हणूनच सगळ्यांना मिळून एकच लॉगिन देणं आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवणं हा कॉलेजचा गाढवपणा आहे. तिथे नियम पोरांनी मोडण्याआधी कॉलेजनेच मोडलेला असतो.

[दृश्य: स्क्रीनचा उजवा खालचा कोपरा. घड्याळात तारीख: 1 जानेवारी 2009.]

ही तारीख बघा. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032. तो संपला की लाइट जाऊन आल्यावर मशिनचं घड्याळ मागे जातं. आपल्याकडे लाइट किती वेळा जातो, ते वेगळं सांगायला नको. घड्याळ चुकलं की ब्राउझर सरकारी साइटलाही "सुरक्षित नाही" म्हणतो, आणि पोरं सवयीने "तरीही पुढे जा" दाबतात. एकदा ती सवय लागली की खऱ्या धोक्याच्या वेळीही बोट तिथेच जातं. शिवाय अशा मशिनवरच्या नोंदीत वेळच खोटी. ती पुरावा म्हणून कशी उभी राहणार?

सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपायच्या आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. कॉलेजनेही हाच हिशेब धरला तर बिघडत काहीच नाही. सुरुवात त्या किरकोळ किमतीच्या सेलपासून करता येईल.

[दृश्य: लॅबमधली गर्दी. एक मुलगी फोन कानाला लावून, दुसरा हात कीबोर्डवर.]

शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दिवस. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर नोंदणीसाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. मोबाइल बाबांचा, आणि बाबा वावरात. तुरीच्या ओळींत रेंज नाही, म्हणून त्यांना धुऱ्यावर यावं लागतं.

(मुलीचा आवाज) "बाबा, मेसेज आला काय? सहा आकडे हायेत पाहा. हो... हो... थांबा, पुन्हा सांगा!"

ती आकडे मोठ्याने म्हणते. शेजारच्या चार जणांना ऐकू जातात. यातून लगेच काही होत नाही, ओटीपी काही मिनिटांतच निकामी होतो. काळजीची गोष्ट पुढची आहे. फोनवर मागितलेले आकडे वाचून द्यायचे, ही सवय बाबांना आपणच लावतो. उद्या "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही ते तसेच वाचून देतील. म्हणून घरी एकदा बसून सांगायला हवं: आकडे फक्त माझा आवाज ओळखून, आणि तेही मेसेजमध्ये कशासाठी आलेत ते वाचूनच द्यायचे. पैसे वळते करण्याबद्दल काही लिहिलं असेल, तर मलाही नाही.

फॉर्म भरून झाला. आता ब्राउझर विचारतो, पासवर्ड जतन करू? घाईत "हो" दाबलं जातं. परतीच्या एसटीची वेळ झालेली असते, लॉगआउट राहून जातं. मागून येणारा त्याच खुर्चीत बसतो, तीच साइट उघडतो आणि त्याला दुसऱ्याच कुणाचं खातं दिसतं: आधार, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं.

[दृश्य: डाउनलोड्सचं फोल्डर. फायलींची लांबलचक यादी. नावं धूसर केलेली.]

लॅबमधल्या कुठल्याही मशिनचं डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. आधार, मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, सगळं पडलेलं सापडतं. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, त्यामुळे पोरं निर्धास्त असतात. पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. वर्गमित्राला दोन्ही ठाऊक असतात. वाढदिवसाला केक त्यानेच आणलेला असतो!

उठण्याआधी फाइल पुसायची, रिसायकल बिनमधूनही पुसायची, आणि लॉगआउट करायचं. त्याहून बरं, सुरुवातच ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) विंडोत करायची. ती बंद केली की जतन झालेलं लॉगिन मागे राहत नाही. डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते. तिथेच बरेच जण फसतात.

दुसऱ्याच्या उघड्या खात्यात शिरून काही बदललं, तर "सहज मजा केली" हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्याचं कलम 66 क म्हणतं, दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मित्राने सांगितलं म्हणून त्याचा फॉर्म भरून देणं वेगळं. रागाने त्याचा विषयच बदलून टाकणं वेगळं.

[दृश्य: पेन ड्राइव्ह मशिनला लागतो. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट.]

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह. फोल्डर होती तिथे आता शॉर्टकट दिसतात. हे व्हायरसचं काम. डबल क्लिक केलं की मशिन गेलं, आणि पुढचा पेन ड्राइव्ह लागला की तोही गेला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर मशिनं लॉक केली. त्याला तर पेन ड्राइव्हचीही गरज नव्हती, तो एका मशिनवरून दुसऱ्यावर नेटवर्कमधूनच जात होता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले. आता विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेटही 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलेत. नवीन मशिनांना पैसे नसतील तर विंडोजच्या जागी मोफत मिळणारं लिनक्स टाकता येतं. टायपिंग-हिशेबासाठी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून घेण्यापेक्षा मोफत मिळणारं लिबरऑफिस बरं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे मराठीतही आहेत.

लायब्ररीत एन-लिस्ट ही ऑनलाइन वाचनाची सोय असते. तिच्यातून, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेमार्फत, कॉलेजला हजारो नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला मिळतात. वाचा, लागेल तो लेख उतरवून घ्या. पण एखादं टूल लावून अख्खं नियतकालिक ओढायला गेलात, तर प्रकाशक प्रवेश बंद करू शकतो.

[दृश्य: प्राचार्यांचं केबिन. टेबलावर नियमांची छापील प्रत.]

आतापर्यंत सगळं विद्यार्थ्यांनी काय करायचं, यावर झालं. कॉलेजनेही काही बांधून घ्यायला हवं. नोंदी ठेवता, तर त्या कोण बघणार? किती दिवस ठेवणार? एखाद्या प्राध्यापकाला वाटलं म्हणून कुठल्या मुलीने कोणती साइट बघितली, हे उघडून बघता येणार का? बहुतेक छापील नियमांत याची उत्तरं नसतात. प्रवेशाच्या वेळी पालकांची सही मात्र त्याच कागदावर घेतली जाते.

आणखी एक. "कॉलेजची बदनामी होईल असं काही लिहू नये" हे वाक्य नियमांत हमखास घुसवलं जातं. नळाला पाणी नाही, असं मुलांनी लिहिलं तर ती बदनामी होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ हे कलम सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, ते बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणूनच. नेटवर्कचे नियम तक्रारी दाबायला वापरले, की पोरं चांगले नियमही मानेनाशी होतात.

[दृश्य: काकांच्या टेबलामागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत 1930.]

भिंतीवर हा नंबर लावलाय. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी हेल्पलाइन. खात्यातून पैसे गेले तर आधी 1930. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त. बँकेत जायला दुपारच्या गाडीची वाट बघू नका.

कुणी फोटो बदलून टाकला, बनावट खातं काढलं, धमकी दिली, तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या काही प्रकारांत नाव न देताही करता येते. कॉलेजमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर असायला हवीत. नसतील तर मागा. घाबरून मेसेज पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव आणि वेळ दिसू द्या, पानाची लिंक लिहून ठेवा. मशिन लॅबचं असेल, तर त्याचा नंबर आणि आपण कधी बसलो, कधी उठलो, हे काकांच्या रजिस्टरमध्ये आहे का, ते तेव्हाच बघून घ्या.