अँबॅसिडर जॅकवर उचलायची, घोडीवर पेलायची

नमस्कार मंडळी. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक गाडी येते तेव्हा सगळं कोल्हापूर मान उंच करून बघतं. मी वाकून खाली बघतो, ऑइल गळतंय का ते. काय करणार, सवय लागलीय. कारण दारात ही उभी आहे. 1978ची अँबॅसिडर, मार्क थ्री, वडिलांची. सरकारी व्याख्येत विंटेज व्हायला 50 वर्षं भरावी लागतात, म्हणजे 2028 पर्यंत ही नुसती जुनी गाडी. दुखणी मात्र आत्ताच विंटेज.

आजचं दुखणं बघा.

(कॅमेरा मागच्या चाकाजवळ)

टायरच्या आतल्या अंगाला ही काळी धार दिसतेय? बोटावर घेतो. घट्ट आहे, चिकट आहे आणि वास कुजक्या गंधकासारखा. म्हणजे हे ब्रेक ऑइल नव्हे, गिअर ऑइल. हबचं ऑइल सील, म्हणजे ऑइल आत अडवून धरणारी कडी, गेली. हे ऑइल ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, पसरलं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढणार. पण सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं तोंड, साफ करून घ्या. तो चिखलानं बुजला की आतली गरम हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. मी एकदा ब्रीदर न बघताच नवं सील घातलं होतं. महिन्यात परत तीच धार.

आता ड्रम काढायचा, म्हणजे मागून गाडी उचलायची. इथं मी जरा वेळ घेणार आहे.

ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर लायनर ड्रमला धरून बसतात. मग गाडी थांबणार कशावर? "गिअरमध्ये टाक की भावा," असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. एकच मागचं चाक हवेत असेल तर गिअरवर भरवसा नाही. गिअरनं प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागं येणारा दांडा, अडवला तरी मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळं जमिनीवरचं चाक फिरू शकतं, हवेतलं फक्त उलटं फिरतं. गाडी गिअरमध्ये असून सरकते आणि जॅक आडवा पडतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून अशा चार लाकडी पाचरी. विटा नकोत. जांभ्याचा चिराही नको. आपल्याकडं तो कुठंही पडलेला सापडतो, पण वजन आलं की कधी फुटेल सांगता येत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून ठेवा. हवेतल्या गाडीवर पान्याला हिसके मारायचे नाहीत.

जॅक कुठं लावायचा? अँबॅसिडरला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळं फ्लोअरच्या पत्र्याखाली जॅक लावला तर पत्रा चेमटतो. दाराखालची पट्टी वरून ठणठणीत दिसते, पण 2019 किंवा 2021च्या पुराचं पाणी बघितलेली गाडी असेल तर आधी स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटून बघा. बद्द आवाज आला तर तिथं जॅक नको. मी अ‍ॅक्सलखाली लावतो. अंगणात पावसानं माती भुसभुशीत झालीय, म्हणून जॅकच्या बुडाखाली ही जाड फळी.

गाडी वर आली. आता लगेच घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शेजारी, अ‍ॅक्सलच्या नळीखाली, दोन्हीकडं एकेक. जॅक हळू सोडायचा, वजन घोड्यांवर येऊ द्यायचं आणि खाली शिरायच्या आधी बंपर धरून गाडी गदागदा हलवायची. पडायची असेल तर आत्ता पडू दे, आपण बाहेर असताना.

हे मी उगाच नाही सांगत. तीन वर्षांपूर्वी नुसत्या बॉटल जॅकवर काम चाललं होतं. आईनं चहाला हाक मारली म्हणून बाहेर आलो. दोन घोट झाले नसतील, तेवढ्यात ड्रम फरशीवर टेकला. आवाजसुद्धा झाला नाही. जॅकमध्ये तरी काय असतं? ऑइल आणि ते धरून ठेवणारं एक सील. गाडीचं सील गळतं म्हणून आपण खाली शिरतो आणि दुसऱ्या तसल्याच सीलच्या भरवशावर डोकं ठेवतो.

(हातात जुनं सील)

आता सुट्ट्या भागाचं. दुकानात जाऊन "अँबॅसिडरचं सील द्या" म्हटलं की "गाडीच बंद झाली की ओ" हेच ऐकायला मिळतं. खरंय, 2014 ला बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात उत्पादन थांबलं. पण सील काही गाडीच्या नावानं जन्माला येत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढी तीन मापं घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. गाडी मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळं मापं इंची. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर, 38.1 मिलिमीटर आलं तर तो दीड इंच, 50.8 म्हणजे दोन इंच. जवळचं म्हणून 50 मिलिमीटरचं घातलं तर ते खोबणीत सैल बसणार. पान्यांचंही तेच. अर्धा इंच म्हणजे 12.7, त्यावर 13चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाच्या कडा मारतो.

सील घासतं त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथं खाच पडलीय, नवं सीलही गळणार. मग गाठायचं आपलं कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शेतीपंपांची इंजिनं घडवलेलं गाव आहे हे, लेथवर त्या खाचेवर स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, चढवून देणारा माणूस सापडतोच.

बिडाचा एखादा ब्रॅकेट मोडला तर ओतूनही मिळतो. फक्त जुन्या भागावरूनच साचा काढू नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, 100 मिलिमीटरचा तुकडा 99 होतो. माझा झाला होता. लेथवाले मामा म्हणाले, "पॅटर्न मोठा करायचा असतोय, हे शाळेत शिकवलं नाही व्हय?" जिथं मशिनिंग करायचं तिथं वर आणखी जाडी ठेवा.

ब्रेकच्या भागात मात्र असली कलाकारी नाही. व्हील सिलिंडर, ब्रेकचे होज नवे आणि योग्य मापाचेच घ्यायचे. पुण्यात नाना पेठ पालथी घाला, नाहीतर कोलकात्याच्या मलिक बाजारात चौकशी करा. तिथं अँबॅसिडरच्या टॅक्सी वर्षानुवर्षं धावल्या.

बसलं सील. चाक चढवलं, घोड्या काढल्या, गाडी जमिनीवर आली की नट समोरासमोरचे आवळले. उद्या पन्हाळ्याला जाऊन येतो. परत आल्यावर टायरच्या आतल्या अंगाला बोट फिरवणार. काळं लागलं तर पुढचा व्हिडिओ लवकर येईल.