बेटावरचा कचरा परत कोण नेणार?

नमस्कार नाशिककर मंडळी! सकाळी गल्लीत घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की आपली काय पळापळ होते ना, एका हातात ओल्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याची पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. गाडी वळली की आपल्या लेखी कचरा संपला. तो पुढे पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जातो हे माहीत असतं, पण बघायला कोण जातंय.

तर बेटावर हे ‘पुढे’ नसतंच. मागच्या डिसेंबरात आम्ही अंदमानला गेलेलो, स्वराज द्वीपला, म्हणजे आधीचं हॅवलॉक. तिथला राधानगर बीच चकाचक, २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालाय. पण मागच्या झाडीत सावलीला बसायला गेले तर मुळांच्या बेचक्यात पाकिटं खोचून ठेवलेली, टाकणाऱ्याला पण लाज असते बघा, उघड्यावर नाही टाकत. त्यातलं एक चिवड्याचं, वर ठसठशीत मराठी अक्षरं! मी आधी गपचूप आपली पिशवी तपासली, आपलंच तर नाही ना उडालं.

शहाळंवाले दादा हसत म्हणाले, ताई, इथे बहुतेक सगळं बोटीने येतं आणि परत जाताना बोट रिकामी जाते. ते वाक्य डोक्यात बसलं माझ्या. बघा ना, शहाळ्याची टरफलं, भाजीची देठं तिथल्या तिथे कुजतात, खत होतं. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव असतो, त्यामुळे ती कुणीतरी उचलतं. अडतं ते चकचकीत पाकीट. त्यात प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सोडवणं परवडत नाही, वजनाला कापूस, पोतंभर गोळा केलं तरी काटा हलत नाही, भंगारवाला घेतो किलोवर आणि बोटीत जागा मात्र पोत्याएवढीच अडते, शिवाय पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, चेन्नई तेराशे किलोमीटरहून जास्त. कोण नेणार? मग पुरा, जाळा, नाहीतर समुद्र आहेच.

मालदीवने तर कचऱ्यालाच एक बेट देऊन टाकलं. थिलाफुशी. माले शहराजवळ नुसतं उथळ पाणी होतं तिथे, १९९२ पासून कचऱ्याची भर टाकत टाकत जमीन झाली, आणि कित्येक वर्षं तिथून धूर निघत राहिला. फोटोत निळं पाणी, शेजारी हे.

फिलिपाइन्सचं बोराकाय ऐकलंय? जेमतेम १० चौरस किलोमीटरचं बेट आणि २०१७ मध्ये तिथे २० लाखांच्या आसपास पर्यटक. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जायला लागलं तेव्हा सरकारने एप्रिल २०१८ मध्ये आख्खं बेट सहा महिने बंद केलं. ऑक्टोबरात उघडलं ते रोज किती माणसं येणार याचा आकडा ठरवूनच. बंद करण्याचं सगळ्यांना कौतुक, पण त्या सहा महिन्यांत तिथल्या वेटरचं, बोटवाल्याचं पोट कसं भरलं असेल? मला विचाराल तर येणाऱ्या माणसांची ती मोजणी आधीच करायला हवी होती.

आता म्हणाल ताई, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, कुठे आलं बेट? अहो, २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जाऊन उभे राहा. चहूबाजूंनी माणसांचा समुद्र, घंटागाडी शिरणार कुठून? प्रत्येक जण पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा घेऊन आत येणार. आत येणाऱ्याचा हिशोब सगळे मांडतात, रिकाम्याचा कोण मांडतंय? बाहेर पडायच्या रस्त्यांवर मोठ्या जाळ्या लावा, आणि गर्दी ओसरायची वाट न बघता रात्रीच त्या उचला, एवढं तरी आत्ताच ठरवायला हवं.

बरं, त्या पाकिटांचं काय केलं? आमची सगळी, अधिक ते मराठी अक्षरांचं, एका पिशवीत कोंबून विमानाने नाशिकला आणली. हे म्हणाले, लोक अंदमानहून शंख-शिंपले आणतात, तू काय आणलंस! दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. पिशवीतून वाळू सांडली तसा मदतनीस दादा बघतच राहिला. “ओला का सुका?”

म्हटलं सुकाच आहे दादा, थोडा खारट असेल.