जुने बेसबॉल सामने पूर्ण पाहताना

नमस्कार मंडळी. 13 ऑक्टोबर 1960 या तारखेपासून सुरुवात करू. पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड, वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा, म्हणजे निकालाचा सामना, पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. पायरेट्सनी तो 10-9 असा जिंकला, तोही नवव्या इनिंगमध्ये बिल माझेरोस्कीच्या होम रनवर (चेंडू कुंपणापार मारून काढलेल्या धावेवर). दोन्ही संघांचे मिळून 24 हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके), 5 होम रन, आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, वापरले 9. एवढं सगळं 2 तास 36 मिनिटांत उरकलं. आणि या सामन्यात एकही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बॅटर बाद होणं) झाला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा सामना दुसरा नाही.

आता 2024चा हंगाम घ्या. नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी वेळ लागला 2 तास 36 मिनिटं. तेवढाच! पण त्याच वेळात दोन्ही संघांचे मिळून सरासरी 17च्या आसपास स्ट्राइकआउट होते. म्हणजे आठ-साडेआठ खेळाडू एका बाजूचे आणि तेवढेच दुसऱ्या बाजूचे, चेंडू मैदानात न मारताच परत गेले. 1960 साली हा आकडा एका संघामागे पाचच्या जवळपास होता. मधल्या काळात सामने तीन तासांपुढे लांबले होते. 2023पासून चेंडू टाकण्यावर घड्याळ लावून तो वेळ परत मिळाला, पण फील्डरच्या हातातलं काम परत मिळालं नाही, हे माझं म्हणणं आहे. ते आकड्यांवरून पटतं, पण डोळ्यांना दिसायचं असेल तर जुना सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पाहायला हवा. हायलाइट्समध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो.

पण पाहायचं म्हटलं तर सामने शिल्लक हवेत ना! मोठ्या लीगचा पहिला सामना टीव्हीवर दिसला 26 ऑगस्ट 1939 रोजी, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून, दोन कॅमेऱ्यांवर. वर्ल्ड सिरीज 1947पासून दिसू लागली. त्या काळी थेट प्रक्षेपण साठवायचा एकच मार्ग होता: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रण करायचं. याला किनेस्कोप म्हणतात. 1956मध्ये दोन इंची व्हिडिओ टेप आली, पण ती इतकी महाग होती की सामना झाला की तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरत. म्हणून पन्नास-साठच्या दशकातले बहुतेक सामने कायमचे गेले. ही हानी भरून येणारी नाही.

1960चा तो सामना वाचला तो गायक बिंग क्रॉस्बी यांच्यामुळे. पायरेट्समध्ये त्यांची भागीदारी होती. सामना बघायचं दडपण नको म्हणून ते पॅरिसला जाऊन रेडिओवर ऐकत बसले, पण किनेस्कोप करून घ्यायची व्यवस्था करून गेले. त्यांच्या घरातल्या वाइनच्या तळघरात 2009च्या डिसेंबरमध्ये 16 मिमी फिल्मची पाच रिळं सापडली. इथे एक हिशेब करून बघा. 16 मिमी फिल्म मिनिटाला 36 फूट धावते. 1200 फुटांचं रीळ म्हणजे 33 मिनिटं, अशी पाच म्हणजे 165 मिनिटं. सामना 156 मिनिटांचा. म्हणजे पाच रिळांत सामना पुरा बसतो. जुनं चित्रण हाती आलं की हा हिशेब आधी करावा. रिळांची लांबी आणि सामन्याचा नोंदलेला वेळ जुळत नसेल तर काहीतरी गळलेलं आहे. 1956चा डॉन लार्सनचा परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) असाच आहे: किनेस्कोप आहे, पण पहिली इनिंग नाही.

आता बघायला बसल्यावर काय चुकतं ते सांगतो.

पहिली चूक चित्राच्या आकाराची. जुनं चित्र 4:3चं असतं. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणलं की पिचर बुटका आणि रुंद दिसतो, माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) चपटा दिसतो, आणि पिचरच्या हाताचा कोन चुकीचा वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन आकार मूळचा करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील.

दुसरी चूक वेग मोजायची. किनेस्कोप सेकंदाला 24 फ्रेमचा. माउंडपासून होम प्लेटचं (बॅटर उभा राहतो तिथल्या पाटाचं) अंतर 60 फूट 6 इंच, पण पिचर पाऊल पुढे टाकतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो साधारण 55 फुटांवरून. ताशी 90 मैलांचा चेंडू हे अंतर 0.43 सेकंदात कापतो, म्हणजे फिल्मवर दहा-साडेदहा फ्रेम. मोजताना एक फ्रेम इकडेतिकडे झाली की दहा टक्के, म्हणजे नऊ मैलांची चूक. अशा मोजणीवरून कुणाला वेगवान आणि कुणाला हळू ठरवू नये. पुढे व्हिडिओ टेपवर सेकंदाला 60 फील्ड (अर्ध्या फ्रेम) मिळतात, तिथे चूक चार टक्क्यांवर येते. मात्र इंटरनेटवर चढवलेल्या प्रतींत पुष्कळदा 30 फ्रेमच ठेवलेल्या असतात आणि अर्धी माहिती तिथेच जाते.

रडार गनचे जुने आकडेही जसेच्या तसे आजच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत. चेंडू दर सात फुटांमागे साधारण एक मैल वेग गमावतो. आज वेग मोजतात तो हातातून सुटतानाचा. जुनी यंत्रं पुष्कळदा प्लेटच्या जवळ मोजत. 1974मध्ये नोलन रायनचा 100.9 मैलांचा चेंडू मोजला गेला, तोही प्लेटच्या जवळ. हातातून सुटताना तो याहून बराच जोरात असणार.

कॅमेऱ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पन्नासच्या दशकात मुख्य कॅमेरा होम प्लेटच्या मागे, उंचावर असे. त्यातून चेंडूचं वळण कळत नाही, पण दुसरं काही सुरेख दिसतं: सगळं मैदान. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) दोन पावलं कुठे सरकला, बेसवरचा धावपटू किती पुढे आला, आउटफील्डर बॅट लागताक्षणी कसा वळला, हे सगळं एका चौकटीत असतं. पुढे सेंटर फील्डचा कॅमेरा रूढ झाला आणि खेळ पिचर, बॅटर आणि बॅटरमागे चेंडू झेलणारा कॅचर या तिघांचा दिसू लागला. हा कॅमेरा बहुतेक ठिकाणी बरोबर मध्ये नसतो. पिचर आड येऊ नये म्हणून तो लेफ्ट फील्डच्या बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे प्लेटच्या मधोमध आलेला चेंडूही कॅचरच्या हाती पडताना उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगाकडे गेल्यासारखा वाटतो. घरबसल्या अंपायरला नावं ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

अंपायरचंच बघा. मोठ्या बेसबॉलच्या दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकन लीगचे अंपायर छातीसमोर गादीसारखा मोठा फुगीर संरक्षक धरत. तो धरून खाली वाकता येत नाही, म्हणून ते कॅचरच्या डोक्यावरून बघत. नॅशनल लीगचे अंपायर शर्टाच्या आत संरक्षक घालत आणि कॅचरच्या खांद्याशेजारी खाली येत. परिणाम असा की अमेरिकन लीगमध्ये वरच्या चेंडूंना स्ट्राइक जास्त मिळत, नॅशनलमध्ये खालच्या. 1977पासून नव्या अंपायरांना आतला संरक्षक सक्तीचा झाला. वर्ल्ड सिरीज बघताना प्लेटमागे कोणत्या लीगचा अंपायर उभा आहे ते पहिल्याच इनिंगमध्ये बघून ठेवा, बॅटर का कुरकुरतायत ते उमगेल.

माउंडची उंचीही डोळ्यांना कळते. 1968पर्यंत ती 15 इंच होती. त्या वर्षी पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्यावर निघालेल्या धावा) 1.12 होता आणि अमेरिकन लीगमध्ये सरासरीत पहिला आलेला बॅटर यास्ट्रझेम्स्की .301वरच (हजार संधींत 301 हिट) थांबला. 1969पासून माउंड 10 इंचांवर आणला, स्ट्राइक झोनही (चेंडू ज्यातून गेला तर स्ट्राइक धरतात ती चौकट) आखूड केला. एका संघाच्या सरासरी धावा 3.42वरून 4.07वर गेल्या. गिब्सनचं चित्रण मिळालं तर चेंडू सोडल्यावर त्याचं सगळं अंग पहिल्या बेसकडे कसं झेपावतं ते बघा. त्या वर्षी त्यानं 34पैकी 28 सामने शेवटपर्यंत स्वतःच चेंडू टाकून संपवले. 2022च्या हंगामात तीसही संघांच्या सगळ्या पिचरांनी मिळून असे सामने पूर्ण केले 36.

याचं कारण आजचे पिचर कमकुवत आहेत असं मुळीच नाही. तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला ओळखू लागतो, हे आता मोजून कळलं आहे. म्हणून प्रत्येक पिचरनं थोडेच चेंडू, पण पूर्ण ताकदीनं टाकावेत आणि मग दुसऱ्याला आणावं, असा हिशेब झाला. 2020च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बेच्या ब्लेक स्नेलनं 9 बळी स्ट्राइकआउटवर घेतले होते, तरी 73 चेंडूंवर त्याला बाहेर काढलं. लार्सनचा अख्खा परफेक्ट गेम 97 चेंडूंचा होता. दमायची भीती नसलेले पिचर एकामागून एक येत राहिले की स्ट्राइकआउट वाढणारच.

आता हातात स्टॉपवॉच घ्या. चेंडू हातातून सुटला की सुरू, पुढचा सुटला की थांबवा. बेस रिकामे असताना आणि धावपटू असताना अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवा, फाउलनंतरचा (रेषेबाहेर गेलेल्या फटक्यानंतरचा) वेळ धरू नका, आणि निदान तीन इनिंग मोजा. जुन्या सामन्यात बॅटर बॉक्समधून पाय क्वचितच बाहेर काढतो. हातमोजे घट्ट करणं, बॅटनं बूट झटकणं हे पुढे वाढत गेलं. सत्तरच्या दशकात माइक हारग्रोव्ह इतका वेळ काढायचा की त्याला ‘ह्यूमन रेन डिले’ हे नाव पडलं. पुढे तर तसं वागणं सर्वांचंच झालं. 2021मध्ये सरासरी सामना 3 तास 10 मिनिटांवर गेला. नियमपुस्तकात 20 सेकंदांची मर्यादा पूर्वीपासून होती, पण ती कुणी लावत नव्हतं. 2023मध्ये घड्याळ मैदानातच लावलं: बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, धावपटू असेल तर 20, आणि 2024पासून 18. पिचरनं उशीर केला तर एक बॉल (असे चार झाले की बॅटर पहिल्या बेसवर जातो) फुकट, बॅटरनं केला तर एक स्ट्राइक. 2023मध्येच बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे केले आणि पिचरच्या बेसकडे फेकण्यावर मर्यादा घातली. चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावपटूनं पळून गाठलेले) एका वर्षात 2,486वरून 3,503वर गेले. ही सुधारणा मनापासून आवडण्यासारखी आहे. बेसवरचा धावपटू पुन्हा पिचरला सतावताना दिसू लागला.

स्कोअरशीट समोर ठेवल्याशिवाय जुना सामना पाहू नका. बेसबॉलच्या पडद्यावर कोपऱ्यात कायम स्कोअर दिसू लागला तो 1996पासून. त्याआधी आउट किती, काउंट (बॅटरचे बॉल आणि स्ट्राइक) काय, हे समालोचक सांगेल तेव्हाच कळतं. फील्डरांना 1 ते 9 आकडे असतात, पिचर 1, कॅचर 2, शॉर्टस्टॉप 6. शॉर्टस्टॉपनं सेकंड बेसमनकडे, त्यानं पहिल्या बेसकडे फेकून दोन बाद केले की 6-4-3. तुमची नोंद रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावरच्या बॅटर-दर-बॅटर वृत्तांताशी पडताळा, पण सामना संपल्यावर. आधी उघडलंत तर डोळे पडद्यावर राहत नाहीत.

1975च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्याचं एक सांगायला हवं. बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कनं मारलेल्या चेंडूमागे कॅमेरा गेला नाही. फेन्वे पार्कच्या डाव्या भिंतीतल्या स्कोअरबोर्डमध्ये बसलेल्या कॅमेरामननं फिस्कवरच नजर धरली, आणि चेंडू फेअर (रेषेच्या आत) राहावा म्हणून दोन्ही हातांनी त्याला उजवीकडे ढकलणारा फिस्क सगळ्यांनी पाहिला. जवळच्या उंदरामुळे त्याला कॅमेरा हलवता आला नाही असं सांगितलं जातं. त्यानंतर खेळाडूचा चेहरा दाखवणं प्रक्षेपणात रुळलं, आणि चेंडू बॅटला लागल्यावर उरलेले आठ फील्डर काय करतात ते हळूहळू चौकटीबाहेर गेलं.

शेवटी 1960च्या सामन्याकडेच परत येऊ. नववी इनिंग, यांकीज 8-9 मागे, एक बाद. तिसऱ्या बेसवर मॅकडूगल्ड, पहिल्यावर मिकी मँटल. योगी बेरानं पहिल्या बेसकडे जमिनीलगत चेंडू मारला. रॉकी नेल्सननं तो उचलून आधी बेसवर पाय दिला, बेरा बाद. आता मँटलला पुढे जायची सक्ती उरली नाही, त्याला टॅग करावं, म्हणजे चेंडू धरलेला हात अंगाला लावून बाद करावं लागणार. मँटल पुढे न पळता पोटावर झेप घेऊन मागे, पहिल्याच बेसवर परतला, नेल्सनचा हात चुकवून. तेवढ्यात मॅकडूगल्ड होम प्लेटवर पोचला आणि 9-9 झाले. आज असा प्रसंग घडला तर हेडफोन लावून न्यूयॉर्कच्या रिप्ले केंद्राशी बोलणं झालं असतं. ही झेप तीनदा बघा, आणि मग बेरा बाद झाल्यापासून पुढच्या बॅटरला, स्काउरनला, पहिला चेंडू पडेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजून शीटवर लिहा.